काचेवरची आई

"उतर खाली!" हे दोन शब्द न्यांगेतानं आपल्या आईला वर्षभर इतक्यांदा ऐकवले होते, की सरोवरातल्या न्यामेसा बेटावरची शेंबडी पोरंसुद्धा तिची नक्कल करायची. कंबरेवर हात, मान वाकडी, आणि "उतर खाली!" म्हातारी मात्र काही उतरायची नाही.

भानगड सगळी मासळीची. बेटावर डगा वाळवतात, बोटाएवढी बारीक चंदेरी मासळी. वाळूत पसरली की वाळू लागते, खडकावर पसरली की बगळे नेतात. आणि न्यांगेतानं विजेसाठी टेकाडावर सोलरच्या काचा बसवल्या. गुळगुळीत, स्वच्छ, दुपारी तव्यासारख्या तापणाऱ्या, शिवाय उतरत्या, म्हणजे पाणी आपोआप निथळणार. म्हातारीनं त्या बघितल्या आणि तिच्या डोळ्यांत चमकच आली. एवढं चांगलं वाळवण तिच्या सात पिढ्यांत कुणाला मिळालं नव्हतं. पोरीनं मुख्य भूमीवर जाऊन शिकून येऊन आईसाठी केलं, असंच तिनं धरलं.

"आई, अगं त्या उन्हातनं वीज काढणाऱ्या काचा आहेत."

"काढू दे की. ऊन काय कमी पडतंय? मला थोडं, तुला थोडं."

"तू चढतेस, काच फुटेल."

"तुला दोन वर्षं पाठीवर बांधून डोंगर चढलेय मी. हाड मोडलं नाही माझं. काच मोडते होय!"

बाकीच्या बायकांना न्यांगेतानं दटावून लांब ठेवलं होतं. आईला कोण दटावणार? म्हातारीला बेटावर कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे 'न्यांगेताची आई' म्हणतात. नावातच पोर असलेली बाई पोरीचं ऐकेल होय?

त्या विजेचं सांगायचं तर न्यांगेतानं ती फार जीव लावून आखली होती. काम सुरू व्हायच्या आधी आंब्याखाली सभा भरली होती. होड्यांचा पुढारी म्हातारा ब्विरे एकेक प्रश्न टाकत होता आणि ही उभी राहून उत्तरं देत होती.

"ढग आले तर गं?"

"वारा आहे ना, ब्विरेकाका. पावसाळ्यात सरोवरावरनं वारा सुटतो, पवनचक्की फिरेल."

"वाराही पडला तर?"

"बॅटऱ्या भरलेल्या असतील."

"त्याही संपल्या तर?"

"मग डिझेलचं इंजिन. सगळ्यात शेवटी."

"म्हणजे बंद पडायचीच नाही म्हण की!"

"नाही पडायची," असं न्यांगेता छाती पुढं काढून म्हणाली होती, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. तेव्हापासून वीज खरोखरच एकदाही गेली नव्हती. ही बंद करायची झाली तर कशी करायची, हे मात्र त्या सभेत कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नाही.

त्या दिवशी पहाटे जोरदार पाऊस पडून गेला आणि मग असं लख्ख ऊन पडलं की डोळे दिपावेत. न्यांगेता इंजिनघरात आली, तर आतल्या यंत्रावर मन्यामाची टोपी. मन्यामा म्हणजे यंत्रं सांभाळणारा गडी, कामाला चोख, पण आवाजाला भारी वैतागायचा.

"ही टोपी कशाला इथं?"

"ताई, सकाळपासून नुसतं कोकलतंय ते. मी गप्प करतो, ते परत ओरडतं. म्हटलं पावसानं सर्दी झाली असेल."

तिनं टोपी उचलली. खाली लाल दिवा लुकलुकत होता. कुठंतरी वीज गळतेय, जमिनीत उतरतेय, असं यंत्र सांगत होतं. ओल्यानं असं होतं कधीकधी, असं मनाशी म्हणत ती बाहेर आली.

समोर काचांच्या रांगा. मधल्या रांगेपाशी शेजारच्या कुरवाची तांबडी बकरी उभी. वरनं मासळीचं पाणी ठिबकत होतं, ते चाटायला बकरी लालचावलेली. मागचे पाय चिखलात रोवून तिनं पुढचे दोन पाय वर लोखंडी चौकटीला टेकवले.

आणि ती तशीच राहिली.

ओरडली नाही, उडाली नाही. एखाद्यानं दोरीनं आवळावी तशी ताठ झाली, डोळे बाहेर आले, आणि मग आडवी पडली. पडल्यावर पाय जरासे हलले. मग तेही थांबले.

न्यांगेताला आधी कळेचना आपण काय बघितलं. मग तिची नजर वर गेली. त्याच चौकटीवर, काचेच्या मधोमध, अनवाणी पायांनी, डोक्यावर ओल्या डग्याची टोपली घेऊन आई उभी होती.

ती धावली. तिला धावत येताना बघून म्हातारीनं कपाळाला हात लावला. "आली बया! उतरते गं बाई, उतरते! सकाळी सकाळी नको बोंबलूस."

आणि वर्षभरात पहिल्यांदा तिनं पोरीचं ऐकलं. कडेला येऊन, एका हातानं चौकट धरून उजवा पाय खाली सोडला. खाली चिखल होता.

"नको! आई नको! उतरू नको!"

"आँ?"

"उतरू नको! वर हो! पाय वर घे!"

वर पवनचक्की घूं घूं करत होती आणि म्हातारीला एका कानानं कमी ऐकू यायचं. पाय हवेत लोंबकळत राहिला. चिखल आणि तिचा अंगठा यांच्यात वीतभर अंतर असेल. न्यांगेता तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात जोडले आणि मान जोरजोरात हलवू लागली.

आपली पोर अशी कधी गुडघ्यांवर बसलेली म्हातारीनं बघितली नव्हती. तिनं पाय हळूच वर घेतला.

"वर्षभर उतर उतर. आज उतरते तर नको! एकदा काय ते ठरव की." मग तिला खाली पडलेली बकरी दिसली. "कुरवाच्या बकरीला काय झालं गं?"

न्यांगेता चिखलातनं उठून उभी राहिली.

"मेली का?"

"हो."

"ह्याला शिवून?"

"हो."

म्हातारीनं चौकटीवरचा हात काढला आणि छातीशी धरला, चटका बसल्यासारखा.

"मग मी कशी जिवंत?"

"तारेवर पाखरू बसतं ना आई, तसं. ऊन पडायच्या आधी चढलीस म्हणून वाचलीस. तू वरच आहेस तोवर काही नाही. चौकट आणि जमीन, दोन्हीला एकदम शिवलीस तर..." तिनं बकरीकडे बोट केलं. "तू नुसती उभी राहा. हलू नको."

मग ती मन्यामाच्या नावानं ओरडली. इंजिन तसंही बंदच होतं. मन्यामानं पवनचक्कीचा ब्रेक लावला. पाती कुरकुरत थांबली. बॅटऱ्यांचा मोठा खटका खाली ओढला. साऱ्या बेटावरचे पंखे, रेडिओ, बर्फाच्या पेट्या एकदम गप्प झाल्या. किनाऱ्यावरनं माणसं माना वर करून बघू लागली. वीज गेली! असं कधी झालं नव्हतं.

न्यांगेतानं मीटर आणलं. एक तार चिखलात खिळा ठोकून बांधली, दुसरी कोरड्या लांब काठीच्या टोकाला, आणि काठी चौकटीला टेकवली. आकडा वर चढला. घरातल्या विजेच्या दुपटीच्याही पलीकडे गेला आणि तिथंच बसला.

"सगळं बंद केलं ना रे?"

"सगळं, ताई! आईची शपथ!"

तिला कारण ठाऊक होतं. वारा बांधता येतो, इंजिन विझवता येतं, बॅटरी तोडता येते. पण काचेवर ऊन पडतंय तोवर काच वीज करतच राहणार. सूर्याला खटका नसतो. आणि अजून तर सकाळच होती. सूर्य वर चढत होता.

"केबल तोडतो," म्हणत मन्यामानं पक्कड काढली.

"ठेव ती! उन्हाची वीज तोडायला गेलास तर ठिणगी विझत नाही, तूच जळशील. आणि बघ तिकडं." टोकाशी एका काचेला आडवा तडा गेलेला होता, पाणी आत शिरून वीज लोखंडात उतरली होती. तिकडं खाली केबल बकऱ्यांनी कुरतडलेली, उघडी पडून चिखलात लोळत होती. "एक तोडून काय होतंय?"

पण एवढं होऊनही चौकट अशी मारकी व्हायला नको होती. चौकटीला अर्थिंग होतं. जाड तांब्याची तार तिनं स्वतः खांबापासून जमिनीत पुरली होती, असल्याच दिवसासाठी. ती खांबाकडे वळली. तिथं नुसतं भोक होतं.

"तार कुठंय? इथली तांब्याची तार कुठंय?"

मन्यामा खाली बघू लागला. वरनं आवाज आला, "ती जाडी होय? ती मी नेली."

"तू?"

"अगं, कुठंच जात नव्हती ती. तिला दिवा नाही, पंखा नाही, नुसती मातीत घुसलेली. एवढी चांगली तार वाया चाललेली. मी धुरीवर मासे टांगते तिच्यावर. झकास टांगले जातात."

दुसरा कुठला दिवस असता तर न्यांगेतानं आकाशपाताळ एक केलं असतं. आज ती नुसती त्या भोकाकडनं परत फिरली.

तोवर माणसं टेकाड चढून आली होती. पुढं ब्विरे, मागं बायका, त्यांच्यातनं वाट काढत पुढं घुसणारी कुरवा. तिनं बकरी बघितली आणि छाती पिटायला हात उचलला, मग वर बघितलं आणि हात तसाच खाली आला.

"रेषेच्या पुढं कुणी यायचं नाही!" न्यांगेतानं काठीनं चिखलात रेघ मारली. "चौकटीला शिवाल तर बकरीसारखे जाल."

"अगं पण म्हातारी!" ब्विरे म्हणाला. "लाकडाला वीज लागत नाही ना? माझी होडी आणतो. टेकवतो कडेला, ती होडीत उतरेल."

"होडी ओली आहे, काका."

"मग मी उचलतो तिला. माझं काय, मी म्हातारा." आणि तो खरंच निघाला. न्यांगेतानं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला मागं ओढलं. सदरा टर्रकन फाटला.

त्याच वेळी वर कट् असा आवाज आला. म्हातारीच्या टाचेखालून एक बारीक पांढरी रेष निघाली आणि काचेवर पसरत गेली.

"न्यांगेता," म्हातारी म्हणाली. आता आवाज निराळाच होता, लहान पोरीसारखा. "माझा गुडघा कापायला लागलाय गं."

न्यांगेताला तो गुडघा माहीत होता. वर चढता यायचं त्यावर, पण एका जागी उभं राहवायचं नाही. बसली तर? बसताना कडेला हात टेकणार, अंगाला गुंडाळलेला ओला कांगा खाली लोंबणार, चिखलाला लागणार. तोल गेला तर? उडी तिला मारता येणार नाही. संध्याकाळपर्यंत सूर्य मावळायची वाट बघायची तर म्हातारी तासभरसुद्धा टिकायची नाही. न्यांगेताच्या डोक्यात एकही विचार उभा राहीना. मीच हे मांडलं, एवढंच फिरत होतं. कधी बंद पडू नये म्हणून मीच मांडलं.

"ही टोपली तरी खाली ठेवू का? मान गेली माझी."

"ठेव. हळू. काचेवरच ठेव, कडेला नको."

म्हातारीनं टोपली उतरवली. थोडी मासळी सांडली आणि पायाशी काचेवर पसरली. न्यांगेता एकटक त्या मासळीकडे बघत राहिली. वर्षभर रोज हीच मासळी काचेवर पसरली की इंजिनघरातला आकडा धप्पकन पडायचा, आणि रोज ती संतापून बाहेर धावायची.

"आई! डगा पसर! सगळी पसर!"

"आँ?"

"मासळी पसर काचेवर! उघडी जागा ठेवू नको!"

म्हातारीनं पोरीकडे असं बघितलं, जणू पोरीचं डोकं फिरलंय. "आज पसर म्हणतेस?"

"पसर गं आई, तुझ्या पाया पडते!"

मग ती लोकांकडे वळली. "उजेड झाकायचा! रांगा सगळ्या झाकायच्या! होड्यांची शिडं आणा, ताडपत्र्या आणा, चटया, गोधड्या, जे असेल ते. पण लांबनं फेकायचं आणि हात सोडायचा. धरून ठेवायचं नाही. कळलं? फेकायचं आणि सोडायचं!"

फेकायचं आणि सोडायचं हे कोळ्यांना काय शिकवायचं? माणसं उतारावरनं पळत सुटली. पहिलं शीड ब्विरेनं टाकलं, जाळं टाकावं तसं कंबरेतनं झोका देऊन, आणि ते रांगेच्या टोकावर सपाट पसरलं. मन्यामानं इंजिनावरची ताडपत्री टाकली. बायकांनी टोपल्याच्या टोपल्या डगा दुरून शिंपडला. कुरवानं अंगावरचा वरचा कांगा सोडला, चुंबळ केली आणि भिरकावली.

"माझी बकरी खाल्लीस, आता कांगाही घे!" ती वर बघून ओरडली. रडतही होती. "उतरलीस ना खाली, की मोजून घेणार आहे तुझ्याकडनं!"

"डावीकडं!" म्हातारी वरनं म्हणाली. भीती होतीच, पण काम दिसलं की तिला गप्प राहवायचं नाही. "तिकडं उघडं आहे, तिकडं टाक! अगं डोळे आहेत का गारगोट्या?"

न्यांगेता काठी धरून मीटरकडे बघत होती. आकडा उतरत होता. अर्ध्यावर आला. अजून खाली. श्वास सोडावा तोच सरोवरावरनं रोजचा वारा आला. याच वाऱ्याच्या भरवशावर तिनं पवनचक्की उभारली होती. शिडाचा एक कोपरा फडफडून उलटला, ऊन काचेवर पडलं आणि आकडा उसळून वर गेला.

"दाबा! त्यावर काहीतरी टाका, जड काहीतरी!"

"दगड?"

"दगड नको, काच फुटेल! ओला डगा टाका, ओली वाळू टाका!"

टोपल्या रिकाम्या होत गेल्या. शिडांवर, ताडपत्र्यांवर ओली मासळी थापली गेली. ढीगच्या ढीग. तो वास, ते झाकलेलं ऊन, आणि खाली रिकाम्या टोपल्या धरून उभी माणसं. आकडा उतरत उतरत असा खाली आला की टॉर्चमधले सेल बरे. न्यांगेतानं काठी उचलली, परत टेकवली. परत तोच.

"आई, ये आता. उतर खाली."

म्हातारी हलली नाही.

"आई?"

"नाही उतरत मी."

"अगं झालं बंद. ये."

"मघा तूच म्हणालीस नको. बकरी माझ्या डोळ्यांपुढं आहे." तिचा गुडघा आता उघड उघड थडथडत होता. पायाखालची काच परत कटकटली. "मला भीती वाटते गं."

आईच्या तोंडून हे वाक्य न्यांगेतानं जन्मात ऐकलं नव्हतं. वादळात बाप गेला त्या दिवशीसुद्धा नाही. बोलून काही होणार नव्हतं. म्हातारीला मीटर वाचता येत नव्हतं, तिला फक्त पोरगी वाचता येत होती.

न्यांगेतानं चपला काढल्या. चिखलात अनवाणी उभी राहिली.

"ताई, नको," मन्यामा पुटपुटला.

आकडा आपणच बघितलाय, आपणच परत बघितलाय, असं ती स्वतःला सांगत होती. तरी हात पुढं जाईना. मीटर खोटं बोललं तर? पुन्हा वारा आला तर? तिनं वाऱ्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि हाताची उलटी बाजू चौकटीला लावली.

गार लोखंड. बास. तिनं हात उलटा केला, मूठ आवळून चौकट पकडली आणि डोळे उघडून वर बघितलं.

"बघ. मी धरलंय. ये."

म्हातारीनं आधी बसून घेतलं, मग घसरत कडेला आली आणि दोन्ही हात पोरीच्या गळ्यात टाकले. न्यांगेतानं तिला पाठीवर घेतलं. रेघ ओलांडली, बकरी ओलांडली, थेट आंब्यापर्यंत नेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथं तिला उतरवलं. दोघी बुंध्याला टेकून बसल्या. दोघींच्याही अंगाला मासळीचा वास.

म्हातारी म्हणाली, "तार घेऊन येते." आणि लंगडत घराकडे गेली.

तार आली ती धुरानं काळी झालेली, माशाच्या तेलानं बुळबुळीत. न्यांगेतानं शिडं जागेवरच ठेवून, झाकलेल्या उजेडात, केबल बदलली, तार राखेनं घासून खांबाला आवळली आणि पुन्हा जमिनीत पुरली. वर दोन तडकलेल्या काचा काढून तिथं नव्या बसवायच्या होत्या. ती चौकटीवर चढली.

आंब्याखालून हाक आली. "उतर खाली!"

"आई, आता काही नाहीये. बंद आहे सगळं. तार लावलीय."

"उतर खाली म्हणते ना!"

"अगं, नटच राहिलेत."

"न्यांगेता." म्हातारी उठून रेघेपर्यंत आली होती, आणि रेघेच्या पुढं पाऊल टाकायची तिची छाती होत नव्हती. दोन्ही हात जोडून ती उभी होती, सकाळी पोरीनं जोडले होते तसेच. "उतर गं. तुझ्या पाया पडते."

कुरवा बकरी ओढत न्यायची थांबली. ब्विरे फाटका सदरा सावरत बघत राहिला.

न्यांगेतानं पान्हा काचेवर ठेवला आणि ती खाली उतरली. राहिलेले नट मन्यामानं आवळले.